टॉपरच्या डोक्याचा डाग

लातूरला खोली दाखवताना घरमालकानं पहिली अट घातली ती पाण्याची नाही, लाइटबिलाची नाही, की पाहुण्यारावळ्यांची नाही. पलंगामागं बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, तेवढी ती भिंत पुसायची न्हाई."

मला वाटलं, नवा रंग दिला असेल. बघते तर कसला रंग अन् काय! पलंगाच्या उशाशी भिंतीवर ताटाएवढा काळपट डाग. मधे तेलानं चकाकणारा, कडेला धूळ बसून लोकरीसारखा झालेला. त्यात दोन-चार खरे केसही चिकटलेले होते. या खोलीत आधी जो पोरगा राहायचा तो म्हणे भिंतीला डोकं टेकून अभ्यास करायचा, आणि तो सरकारी मेडिकलला लागला. त्याच्या आधीचाही लागला होता, आणि त्यानंही तिथंच डोकं टेकलं होतं. घरमालक त्या डागाकडं अशा चेहऱ्यानं बघत होता, जसं काही माहूरच्या गडावर हात जोडून उभा आहे. "टॉपरची खोली हाय ही," तो म्हणाला. "लोक वर्ष वर्ष आधी सांगून ठेवतेत. तुमच्या लेकराचं नशीब, म्हणून रिकामी गावली."

मला शिसारी आली. लोकांच्या डोक्याचं तेल, कोंडा, घाम, आणि त्याची ही पूजा! तरी मी खोली घेतली, कारण बाकीच्या खोल्यांना खिडकीच नव्हती. आणि माझं लेकरू काही तिथं राहणार नव्हतं. डॉक्टर व्हायचं होतं ते मला.

मी नांदेडला एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तेव्हा माझं वय एकोणचाळीस होतं. दरवर्षी माझ्या हाताखालून पोरं मेडिकलला जातात आणि दिवाळीला गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून भेटायला येतात. कॉलेजात स्टेथोस्कोप! तिथं काय बाकाला ताप आलेला असतो? वाकून नमस्कार करतात, पेढे देतात, आणि मी डोळे पुसते. लोकांना वाटायचं मॅडमचे डोळे कौतुकानं भरून आले. कसलं कौतुक, जळफळाट होता तो. मला बारावीला बायोलॉजी होतं, मार्कही होते. पण वडील म्हणाले, पोरीच्या जातीला एवढी वर्षं शिकवून करायचं काय, आणि बी.एस्सी.ला घातलं. विषय संपला. मग एक दिवस बातमी आली की नीटच्या परीक्षेला वयाची वरची अट राहिली नाही. स्टाफरूममध्ये एक सर चहा पिता पिता म्हणाले, "आता आजोबांनीही फॉर्म भरायला हरकत नाही." सगळे खो खो हसले. मी कप धुवायच्या निमित्तानं उठून बाहेर गेले.

घरी सांगितलं तर नवऱ्यानं आधी टीव्हीचा आवाज कमी केला. ते सरकारी नोकरीत आहेत, कुठल्याही गोष्टीचा हिशोब आधी मांडतात. म्हणाले, "आता पोरगी सहावीला. तू डॉक्टर होऊन बाहेर पडशील तेव्हा ती बारावीला. म्हणजे मधलं सगळं तिचं आईविना." हे खरंच होतं. सासूबाई आमच्याजवळच असतात. त्या म्हणाल्या, "चाळिशीला बाया लेकीच्या दागिन्याचं बघतेत, अन् हिला पाटी-पेन्सिल सुचून राहिली." पंधरा दिवस घरात भांडी जरा जोरातच आदळत होती. शेवटी ठरलं की एक वर्ष बिनपगारी रजा घ्यायची, लातूरला राहून अभ्यास करायचा, आणि निकाल लागला की बघू. 'निकाल लागू दे, मग बघू' म्हणजे ही नापास होणार आणि आपोआप गप बसणार. मला ते कळत नव्हतं असं नाही. पण मला दार किलकिलं झालेलं पुरे होतं. पोरगीनं निघताना मला तिचा कंपास दिला. नीटला कंपास काय, साधा पेनही आपला चालत नाही, तिथं तेच देतात. पण मी तो वर्षभर उशाशी ठेवला.

ती इमारत म्हणजे आयांचं वसतिगृह होतं. नवरा गावी शेतात नाहीतर दुकानात, आई इथं एका खोलीत गॅस मांडून, आणि लेकरू सकाळपासून क्लासला. देगलूरच्या, हिमायतनगरच्या, कुठल्या कुठल्या बाया. भेटेल ती विचारायची, "तुमचं लेकरू कोणत्या बॅचला?" पहिले काही दिवस मी सांगायची, "आहे एक. जरा मठ्ठ आहे, पण कष्टाळू आहे." त्या माझी समजूत घालायच्या. मग शेजारच्या खोलीतल्या देगलूरच्या ताईंनी एकदा दारातून बघितलं, मी मोठमोठ्यानं किंगडम प्लान्टी पाठ करत होते. "अय्यो! तुमीच?" त्या तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या, मग जिन्यातच बसून हसल्या. तासाभरात गच्चीपर्यंत बातमी गेली.

हसल्या तर हसल्या, त्याचं काही नाही. मला बेजार केलं ते बाकीच्या प्रकारानं. रविवारी टेस्ट व्हायची आणि सोमवारी जिन्यात बाजार भरायचा. "माझं पाचशेवर गेलं." "माझं मागच्या बारीपेक्षा घसरलं बघा." माझं, माझं! पोराचं नाव कुणी घेत नव्हतं. एका पोराला कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे, तर समोरची बाई त्याच्या आईला विचारते, "मग टेस्ट बुडली का?" चौकातल्या खांबांवर टॉपरांचे फलक लावलेले. एकावर एक लावत गेल्यानं वाऱ्यानं फाटायचे, आणि यंदाच्या पोरीच्या कपाळातून गेल्या वर्षीच्या पोराचे दात दिसायचे. मी रोज त्या चौकातून दूध आणायला जायची आणि रोज मला थुंकावंसं वाटायचं.

आणि घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी ती माझी भिंत. टेस्टच्या दिवशी सकाळी माझ्या दारात रांग लागायची. एकेक आई पोराला धरून आत आणायची, पलंगावर बसवायची आणि डोकं डागाला टेकवायला लावायची. माझ्या चादरीवर! मी पहिल्यांदा नाही म्हणाले तर घरमालक वर आला. "मॅडम, एवढं करू द्या. पुण्याचं काम हाय." देगलूरच्या ताई नेमानं यायच्या. त्यांची लेक सतरा वर्षांची, डोळ्यांखाली काळं झालेली. ती नाक दाबून, डोळे मिटून भिंतीला डोकं लावायची आणि पळायची. मला ती पोरगी आवडायची. त्या अख्ख्या इमारतीत माझ्याइतकीच किळस आलेली ती एकटीच होती.

एका रविवारी ताई एकट्याच आल्या. हातात घडी केलेली ओढणी.

"पोरगी कुठंय?"

"तिला अडचण आली न्हवं का. ती कशी शिवंल इथं? म्हणून माझी धुतलेली ओढणी आणली. ही टेकवते अन् तिच्या बॅगमदी वरच्या वर टाकते."

आणि त्यांनी ती पांढरीशुभ्र ओढणी त्या घाणीवर अगदी मायेनं फिरवली. ओढणीला काळा पट्टा उठला. मी म्हणाले, "ताई, तुमच्या लेकीपेक्षा हा कोंडा सोवळा आहे का हो?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, तुमी शिकलेल्या हायत. आमाला नशिबाशी खेळता येत न्हाई."

हे मी त्या दिवशी नवऱ्याला फोनवर नकला करून सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते नुसतं "हं" म्हणाले, आणि दुसरा फोन येतोय म्हणून ठेवून दिला.

संक्रांतीपर्यंत मी पंधरा दिवसांनी नांदेडला जायची. मग नवरा म्हणाला, "आता पेपर होईपर्यंत येऊ नको. लोहा-अहमदपूर करत एसटीत दिवस मोडतो, आणि परत गेल्यावर तुझं मन लागत नाही." पटण्यासारखंच होतं. पोरगीशी फोनवर बोलायची. "कशी आहेस?" "बरी." "काय चाललंय?" "काही नाही." वयच तसं आहे म्हणून मी सोडून द्यायची. तेव्हा मी नेमका माणसाच्या प्रजननाचा धडा करत होते. पाळीचं सगळं चक्र चार रंगांत काढून समोरच्या भिंतीवर चिकटवलं होतं. कुठल्या दिवशी काय होतं, कुठलं संप्रेरक कधी वाढतं, झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि पाठीमागची भिंत मलाही सुटली नव्हती. पलंग तिथंच, टेकायला दुसरी जागा नाही. मी मधे उशी ठेवायची, पण ती घसरायची.

परीक्षेच्या दिवशी फाटकावरचा माणूस म्हणाला, "पालकांनी रस्त्याच्या पलीकडं थांबायचं." मी प्रवेशपत्र दाखवलं तर त्यानं दुसऱ्याला हाक मारून बोलावलं. "ये, हे बघ." पायातली जोडवी काढायला लावली, ती साबण लावूनही निघेनात. मागं उभी असलेली पोरगी म्हणाली, "आंटी, तुम्ही सुपरवायझर का?" मी म्हणाले, "नाही, तुझी काँपिटिशन." ती बिचारी कसनुशी हसली. पेपर मला चांगला गेला. म्हणजे इतका चांगला की बाहेर आल्यावर मी कुणाशी बोललेच नाही, बोललं तर मोडेल असं वाटत होतं. बघा, मलाही नशिबाची भीती वाटायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नांदेडला गेले. दार सासूबाईंनी उघडलं. पोरगी पळत येईल म्हणून मी पिशव्या खाली ठेवून हात मोकळे केले होते. ती आली नाही. "कुठंय?" म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "हाय की मागं. आधी हातपाय धू." मागं म्हणजे मोरीजवळ जिथं भांडी घासतो तिथं. एका जुन्या सतरंजीच्या तुकड्यावर माझी अकरा वर्षांची पोरगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाजूला एक वेगळं ताट, वेगळा पेला. ते ताट मी ओळखलं, भंगारात द्यायचं म्हणून मी माळ्यावर टाकलेलं.

मी पुढं गेले, तशी ती भिंतीला चिकटून ओरडली, "मम्मी, शिवू नको! तुझा रिझल्ट लागायचाय!"

मी सासूबाईंकडं वळले.

संक्रांतीच्या सुमारास तिला पहिली पाळी आली होती. दर महिन्याचे चार दिवस ती इथं बसत होती. शाळा असली की शाळेत जायची, आल्यावर अंघोळ करून पुन्हा सतरंजीवर. दप्तर आत, कारण पुस्तकाला शिवायचं नाही. लांब बसून कुणीतरी वही उलगडून धरली तर वाचायचं. हे सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्याला माहीत होतं, नणंदेला माहीत होतं, धुणंभांडीवाल्या मावशींनाही. मला तेवढं माहीत नव्हतं.

या घरात लग्न होऊन आले तेव्हा बाजूला बसायला मी साफ नकार दिला होता. सहा महिने सासूबाई माझ्याशी बोलल्या नव्हत्या, मग थकून गप झाल्या. मला वाटलं ती लढाई मी जिंकले. कसली जिंकते! त्या फक्त मी घराबाहेर पाऊल टाकायची वाट बघत होत्या.

"तुझ्यासाठीच पाळून राहिलो आमी," त्या म्हणाल्या. "घरात एवढं मोठं काम चाललंय. त्यात इटाळ कालवायचा का? अन् मी काय तिला मारलं का उपाशी ठेवलं? चार दिस लांब बसली तं काय झिजली का पोर?"

"अहो, तुम्हाला माहीत होतं?" मी नवऱ्याला विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर तू पुस्तकं टाकून आली असतीस."

"आलेच असते!"

"मग? म्हणूनच नाही सांगितलं." ते अगदी शांतपणे म्हणाले, वर पंख्याचं बटन दाबलं. "चार दिवसांसाठी आईशी वाद कशाला घालायचा? आणि पेपरच्या तोंडावर तुझं डोकं कशाला फिरवायचं?" इतका समजूतदार चेहरा मी आयुष्यात बघितला नव्हता, आणि इतकी किळस मला त्या लातूरच्या भिंतीचीही आली नव्हती.

मी पोरगीसमोर खाली बसले. विचारलं, "बाळा, काय होतंय ते तुला कुणी सांगितलं का?"

"आजीनं सांगितलं. कावळा शिवला म्हणाली." ती नखानं सतरंजीचे दोरे काढत होती. "मी म्हटलं, कधी शिवला? मी तर घरातच होते."

मी तिला ओढून मिठीत घेतलं. घट्ट, सगळ्यांसमोर. ती काठीसारखी ताठ झाली. हात दोन्ही बाजूंना लांब धरले, मला लागू नयेत म्हणून. आणि मग भोकाड पसरलं. मला वाटलं, इतक्या दिवसांचं साचलेलं बाहेर पडतंय. कुठलं आलंय! ती माझ्या मार्कांसाठी रडत होती.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता लागला निकाल."

निकाल लागेपर्यंतचे दिवस पोरगी माझ्याभोवती चोरासारखी वावरली. मी फोन हातात घेतला की तिचा चेहरा उतरायचा. मी तिला बसवून सगळं समजावलं. चार रंगांचं ते चक्र पुन्हा काढून दाखवलं. ती "हो, हो" म्हणायची. मी वर्गात इतकी वर्षं काढलीत, न कळलेलं 'हो' मला बाकाच्या टोकावरून ओळखू येतं. सतरंजी मी जाळून टाकली, ताट भंगारवाल्याला दिलं. सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत. नवऱ्यानं त्यांना समजावलं आणि मग मलाही समजावलं.

निकाल लागला. मला सीट मिळेल एवढे मार्क पडले होते. विदर्भातलं पार टोकाचं सरकारी कॉलेज, पण सरकारी. मी गॅसजवळ उभी होते, दूध उतू गेलेलं कळलं नाही. मग घरात जे सुरू झालं ते बघून कुणालाही ओकारी आली असती. वर्षभर 'म्हातारपणी पाटी-पेन्सिल' म्हणणारी माणसं पेढे घेऊन आली. नणंद म्हणाली, "मी तर पहिल्यापासून म्हणत होते." लातूरच्या क्लासवाल्याचा फोन आला, फोटो पाठवा, चौकात लावायचाय, 'एकोणचाळिसाव्या वर्षीही!' असं वर लिहायचंय. आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला पोरगीकडं बोट दाखवून सांगत होत्या, "हिनं पाळलं म्हणून झालं बघा. एकदा शिवली मधात, पण देवानं माफ केलं." पोरगी ते ऐकून पहिल्यांदाच जरा ताठ बसली. तिला शाबासकी मिळत होती.

मला जायचं होतं. हे मी लपवत नाही. त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात ॲप्रन, वॉर्ड, पहिलं इंजेक्शन, दुसरं काही नव्हतं. पण मी गेले की सतरंजी परत अंथरली जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. सासूबाई बदलणार नव्हत्या, नवरा वाद घालणार नव्हता. तिला बरोबर न्यावं तर माझा पगार बंद, पहाटे कॉलेज, रात्री ड्यूटी, परक्या गावात ती कुणाच्या भरवशावर राहणार? म्हणजे पोरगीनंच ठामपणे नाही म्हणायला पाहिजे होतं. एवढं एक तिच्या डोक्यातून काढता आलं तर मी जायला मोकळी, असं मी मनाशी ठरवलं. कॉलेजात हजर व्हायला अजून अवकाश होता.

लातूरच्या खोलीतलं सामान आणायचं राहिलंच होतं. मी मुद्दाम पोरगीचे ते दिवस धरले आणि तिला घेऊन गेले.

खोलीत घरमालक नवीन गिऱ्हाईक घेऊन उभा होता. हिमायतनगरची एक बाई आणि तिचा मुलगा. "हा जुना डाग," तो सांगत होता, "अन् ही बाजूला नवी झाक दिसतीय का? ती ह्या मॅडमच्या डोक्याची! वय बघा, अन् मार्क बघा. भिंतीचा गुण हाय." खरंच, उशीच्या वर एक फिकट डाग पडला होता. माझा!

मी पोरगीला म्हणाले, "जा, बस पलंगावर. डोकं टेक तिथं." ती माझ्याकडं बघत राहिली. "टेक म्हटलं ना." ती बसली, हळूच डोकं टेकलं. "वा वा," घरमालक म्हणाला, "पुढची डॉक्टर!" मी शांतपणे, जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काका, तिला आज पाळी आली आहे."

काय तो चेहरा! घरमालकानं आ वासला तो मिटेचना. हिमायतनगरच्या बाईनं मुलाला दंडाला धरून दाराबाहेर ओढलं. "आधी सांगावं तरी न्हाई का, बाई!" "मॅडम, अवो, असं असतंय का कुठं... शिकलेल्या तुमी..." आम्ही गादी गुंडाळत होतो तोवर तो बादली, सोडा आणि गोमूत्राची बाटली घेऊन आला, आणि जी भिंत वर्षानुवर्षं कुणाला पुसू दिली नाही ती स्वतः खराट्यानं खसाखसा घासायला लागला. डाग निघत होता. खालून चांगला निळा रंग निघाला. मी जिन्यात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पोरगीही माझ्याकडं बघून हसली. मला वाटलं, सुटली.

एसटीत खिडकीजवळ बसून आम्ही खारे शेंगदाणे खात होतो. अहमदपूर मागं पडल्यावर ती म्हणाली, "मम्मी, त्या दादाला आता नाही लागणार का मेडिकलला?"

"कुठल्या?"

"हिमायतनगरच्या. मी टेकले ना तिथं."

"अगं, भिंतीनं कुणी डॉक्टर होतं का? तू टेकल्यानं काय होणार आहे?"

"हो," ती म्हणाली. बाकाच्या टोकावरचं 'हो'. मग शेंगदाण्याचं साल हातावर चोळत मला धीर दिल्यासारखी म्हणाली, "तू काळजी करू नको. तू तिकडं गेलीस की मी नीट पाळीन. तू मधे शिवायला नसलीस की सोपं जातं."

मी सीट घेतली नाही. हजर व्हायची शेवटची तारीख मी नांदेडला, घरात, मटकी निवडत घालवली.

आता सगळे खूश आहेत. नवरा म्हणाला, "शेवटी घर ते घर." नातेवाईक म्हणतात, बाईनं केवढा त्याग केला. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. त्यागबिग काही केलेलं नाही मी. मला ती सीट हवी होती, आजही हवी आहे, आणि दिवाळीला कुणी गळ्यात स्टेथोस्कोप घालून आलं की तोच जळफळाट होतो. सासूबाईंनी तर कारणही शोधून ठेवलंय. "तरी म्हणलं होतं, शिवू नको. गेली ना हातातली?" लागली तर पाळलं म्हणून, गेली तर शिवलं म्हणून. भांडायचं तरी कुठं? हे सगळं त्या पोरीच्या कानावर पडतं, आणि ती ते माझ्यापेक्षा लक्ष देऊन ऐकते.

गेल्या आठवड्यात तिची पाळी आली. जेवायच्या वेळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी हात धरून आत आणलं, शेजारी बसवलं. सासूबाई आपलं ताट उचलून बाहेरच्या खोलीत गेल्या. मी माझं ताट तिच्यापुढं सरकवलं. "खा यातलंच." तिनं माझ्या भाकरीचा तुकडा मोडला, माझ्या पिठल्याला लावला, एक घास खाल्ला, आणि मला काही होतंय का म्हणून माझ्या तोंडाकडं बघत बसली.